ढगाच्या पोटात लेसर

बीड जिल्ह्यात आभाळ भरून आलं म्हणजे पाऊस पडेलच, असं कुणी धरून चालत नाही. सह्याद्रीपलीकडून आलेले ढग आष्टी-पाटोद्यावरून, बालाघाटाच्या डोंगररांगांवरून दिवसभर पळत राहतात. थोडी भुरभुर होते आणि कपाशीवर दुबार पेरणीचं संकट येतं. हा पर्जन्यछायेचा मुलूख. ढगात पाणी असूनही ते खाली का येत नाही, हे जमिनीवरून पुरतं कळत नाही. त्यासाठी ढगातच शिरावं लागतं आणि आतले थेंब मोजावे लागतात. ही मोजणी आज विमानावर बसवलेला लेसर करतो.

विमानात लेसर चढवण्याची पहिली मोठी धडपड झाली ती मात्र लढाईसाठी. अमेरिकी हवाई दलाने आपल्या केसी-१३५ या इंधनवाहू विमानांच्या कुळातलं एक विमान उडत्या लेसर प्रयोगशाळेत बदललं. त्यावरच्या कार्बन डायऑक्साइड लेसरने १९८३ मध्ये हवेतली पाच साइडवाइंडर क्षेपणास्त्रं निकामी केली. सोव्हिएत संघाचं लेसरवाहू ए-६० हे विमान १९८१ मध्येच उडालं होतं. तेही इल्युशिन-७६ या लष्करी मालवाहू विमानातून घडवलेलं. पुढे अमेरिकेने बोइंग-७४७ वर रासायनिक लेसर बसवला आणि ११ फेब्रुवारी २०१० रोजी त्याने उडतं क्षेपणास्त्र पाडूनही दाखवलं. पुढच्याच वर्षी तो कार्यक्रम गुंडाळला गेला आणि २०१४ मध्ये ते विमान भंगारात निघालं.

आपल्या कामाची कथा वेगळी आहे, आणि ती दुष्काळातून सुरू होते. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांवर मिठाची पूड पेरण्याचे प्रयोग हाती घेतले. विमान होतं डीसी-३, म्हणजे आपलं डाकोटा. पुण्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यावर १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे हे काम चाललं. पेरणी झालेल्या क्षेत्रात सरासरी २४ टक्के जास्त पाऊस नोंदला गेला. कुठल्या दिवशी कोणत्या क्षेत्रावर पेरायचं हे दैवावर सोडलं होतं, म्हणून त्या आकड्याला वजन आहे. मात्र ढगातले थेंब तेव्हा काचपट्टीवर झेलून त्यांचे ठसे सूक्ष्मदर्शकाखाली मोजावे लागत. १९८६ मध्ये याच संस्थेने पुण्यात आरगॉन लेसर आकाशाकडे रोखून हवेतल्या धूलिकणांचा अभ्यास सुरू केला. लेसर आला, पण अजून जमिनीवरच होता.

तो ढगात शिरला याच संस्थेच्या, २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘कायपिक्स’ या ढगांवरच्या प्रयोगात. यातलं थेंब मोजणारं उपकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. विमानाच्या पंखाखाली पुढे रोखलेले दोन छोटे हात असतात आणि एका हातातून दुसऱ्याकडे लेसरचा झोत जातो. विमान ढगातून जाताना थेंब त्या झोतातून सटकतो. त्याच्यावर आदळलेला प्रकाश थोडा पुढच्या दिशेला फाकतो, आणि तो किती फाकला यावरून थेंबाचा आकार निघतो. २ ते ५० मायक्रॉनपर्यंतचे थेंब असे मोजले जातात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ५० मायक्रॉनहून मोठ्या थेंबांसाठी दुसरं उपकरण असतं; ते थेंबाची सावली ओळीने बसवलेल्या प्रकाशपेशींवर पाडून त्याचं चित्रच काढतं.

एवढा आटापिटा कशाला? कारण १० मायक्रॉन व्यासाचे दहा लाख थेंब एकत्र यावेत तेव्हा कुठे एक मिलिमीटरचा पावसाचा थेंब तयार होतो. हवेत धूर-धुळीचे कण फार झाले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं. थेंब बारीक राहतात, एकमेकांना गाठत नाहीत आणि ढग न बरसताच विरून जातो.

अशा ढगांना पेरणीने बरसवता येतं का, हे पाहण्यासाठी २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला तळ ठोकून ‘कायपिक्स’च्या शास्त्रज्ञांनी २७६ ढग अभ्यासले. काहींच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळल्या, काही मुद्दाम तसेच सोडले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले: वाऱ्याच्या दिशेने पुढच्या १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सुमारे १८ टक्के जास्त पाऊस. ढग योग्य हवा, ही अट मात्र कायम. आभाळच कोरडं असेल तर पेरायचं कशात?

टेहळणीचं विमानही आपल्या मान्सूनच्या अभ्यासाला आलं आहे. सोव्हिएत काळातल्या एम-५५ विमानाने २०१७ मध्ये काठमांडूहून उड्डाणं करत मान्सूनच्या माथ्यावरची हवा तपासली. त्यावर लेसर उपकरणंही होती. त्या उंचीवर अमोनियम नायट्रेटचे कण सापडले. त्यातला अमोनिया मुख्यतः शेतातली खतं आणि गुराढोरांकडून येतो. आपण रानात टाकलेल्या युरियाचा अंश पावसाळी ढग आभाळाच्या माथ्यापर्यंत नेऊ शकतो, हे वाचून मी थबकलो.

२०१५ आणि २०१९ मध्ये मराठवाड्यात कृत्रिम पावसासाठी विमानं उडाली. नळकांड्या जाळणारं विमान सगळ्यांना हवं असतं, कारण त्यात काहीतरी केल्याचं समाधान आहे. माझं मत असं की बीडला आधी मोजणारं विमान हवं. २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ते धरण बीडच्याच केज तालुक्यात, धनेगावला आहे. त्याच्या पाणलोटावरचे ढग सलग काही पावसाळे मोजले, तर कोणत्या दिवशी ढगांवरची पेरणी उपयोगाची आणि कोणत्या दिवशी ती निव्वळ खर्चाची, हे टँकरची निविदा निघण्याआधी सांगता येईल.