सतरा सप्टेंबर : मुलांना पुरी गोष्ट सांगू या

ऑगस्ट सरला की मराठवाड्यातल्या शाळांतून १७ सप्टेंबरची तयारी सुरू होते. नांदेड असो की लातूर, झेंडावंदनाची तालीम, भाषण स्पर्धा, भिंतीवरचे तक्ते ही सगळी कामे आम्हा शिक्षकांच्या वाट्याला येतात. मुले भाषणे पाठ करून येतात. 'जुलमी निझाम' आणि 'क्रूर रझाकार' हे शब्द प्रत्येक भाषणात असतात. ते असायलाही हवेत, कारण तो जुलूम खरोखर झाला होता. पण त्या क्षणी वर्गातली शेख, पठाण, सय्यद, बागवान आडनावांची मुले खाली बघू लागतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. मधल्या सुटीत त्यातला एखादा जवळ येऊन हळूच विचारतो, "म्हणजे रझाकार आपलेच होते का?"

घरी या प्रश्नाला सहसा उत्तर मिळत नाही. 'पोलिस अ‍ॅक्शन' हा शब्द निघाला की आपल्या घरातले बुजुर्ग विषय बदलतात किंवा एक उसासा टाकून गप्प होतात. मग मुलाला उत्तर देतो तो मोबाईल. तिथे एक चित्रफीत सांगते की तुझे सगळे पूर्वज गुन्हेगार होते. दुसरी सांगते की तुझ्या पूर्वजांनी काहीच केले नाही, त्यांच्यावर फक्त अन्याय झाला. दोन्ही चित्रफिती अर्धीच गोष्ट सांगतात. पुरी गोष्ट आपल्याच मातीतली आहे, म्हणून ती आपणच सांगितली पाहिजे.

लातूरचे वकील

या गोष्टीतले मुख्य पात्र परक्या मुलखातले नाही. कासिम रझवी हे लातुरात वकिली करणारे गृहस्थ होते. शिक्षण अलिगडचे, बोलणे जहाल. हैदराबाद संस्थानात तेव्हा मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन ही संघटना प्रबळ होती. तिचे गाजलेले सदर बहादूर यार जंग १९४४ साली वारले आणि दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, सदारत रझवींकडे आली.

सदर बदलला आणि संघटनेची भाषाही बदलली. मजलिसचे स्वयंसेवक म्हणजे रझाकार. उर्दू शिकवताना आम्ही मुलांना या शब्दाचा अर्थ सांगतो : स्वतःच्या मर्जीने सेवा करणारा. मराठवाड्यात मात्र हा शब्द शिवी होऊन बसला. त्यामागे शब्दाचा दोष नाही, त्या नावाने झालेल्या कृत्यांचा आहे. ऑक्टोबर १९४६ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. मे १९४८ मध्ये बसवकल्याणजवळच्या गोर्टा गावात मोठे हत्याकांड झाले. खेड्याखेड्यांतून वसुली, जाळपोळ, मारहाण सुरू होती. हे सांगताना आपण जीभ चावण्याचे कारण नाही.

संस्थानातली परिस्थिती नाजूक होती. लोकसंख्येत मुस्लिम साधारण तेरा टक्के, आणि सत्ता निझामाची. भारत स्वतंत्र झाला होता. अशा वेळी वाटाघाटीने, सन्मानाने मार्ग काढणारे लोक हवे होते. तसे लोक होतेही. दिल्लीशी 'जैसे थे' कराराची बोलणी निझामाचे शिष्टमंडळ करत होते. ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस हे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, तोच हैदराबादेत मोठा जमाव जमवून त्यांची वाट अडवण्यात आली. पंतप्रधान असलेले छतारीचे नवाब पदावरून गेले. करार शेवटी २९ नोव्हेंबर १९४७ ला झाला, पण समजूतदारांचा आवाज तोवर दबला होता. पुढचे दहा महिने रझवींच्या भाषणांचे होते. आसफजाही झेंडा दिल्लीच्या लाल किल्ल्यावर फडकेल, असे ते सभांतून सांगत. सभेत टाळ्या पडत. कुणी शंका काढली की तो कौमचा गद्दार ठरे.

किंमत कुणी मोजली?

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निझामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत सगळे आटोपले. ज्या मराठी, तेलुगू, कन्नड भाषिक जनतेने त्यासाठी तुरुंग भोगले, प्राण दिले, तिच्या दृष्टीने तो सुटकेचा दिवस होता, आणि तो तसा साजरा होणे योग्यच आहे.

पण त्यानंतरच्या दिवसांत गावोगाव जे घडले, ते आपल्या घरांत उसाशांच्या रूपाने आजही आहे. भारत सरकारच्याच सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी १९४८ च्या अखेरीस संस्थानाचा दौरा केला. त्यांच्या अहवालानुसार पोलिस अ‍ॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत जास्त पोळलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. हेच रझाकारांचे मोठे अड्डेही होते, अशी नोंदही अहवालात आहे.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. कच्छी मुस्लिम व्यापाऱ्यांची ती भरभराटीची पेठ होती. अहवाल सांगतो की तिथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालू राहिली. शहरातल्या सुमारे दहा हजार मुस्लिमांपैकी तीन हजारच उरलेले आढळले. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे पळून गेले होते. हा अहवाल कित्येक दशके जाहीर झाला नाही.

यातले किती रझाकार होते? खेड्यातला पिंजारी, मुलाणी, तांबोळी, मोमीन यांनी मजलिसच्या सभेचे तोंडही पाहिले नसेल. बाजारात मराठी आणि घरात दखनी बोलणारी, शेजाऱ्याच्या लग्नात राबणारी ही माणसे. पण एक माणूस 'सगळ्या मुस्लिमांच्या वतीने' बोलत राहिला, आणि हिशेबही सगळ्या मुस्लिमांच्या नावावर मांडला गेला.

आणि तो माणूस? रझवींना अटक झाली, शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटल्यावर ते पाकिस्तानात गेले आणि १९७० साली कराचीत वारले. लातूर, औसा, उदगीर, कंधार सोडून जे कुठेच गेले नाहीत, ते आपले आजोबा-पणजोबा होते. पडलेली घरे त्यांनी उभी केली, बंद दुकाने उघडली आणि 'रझाकाराची औलाद' हा टोमणा गिळून पोरांना शाळेत घातले.

नाही म्हणणारे लोक

त्या काळात 'नाही' म्हणणारे मुस्लिम होते, हे आपल्या मुलांना माहीतच नसते. हैदराबादेत शोएबुल्लाह खान नावाचे तरुण संपादक 'इमरोज' हे उर्दू दैनिक चालवत. संस्थानाने भारतात सामील व्हावे आणि रझाकारांना आवरावे, असे ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुस्लिम गृहस्थांनी याच आशयाचे निवेदन काढले, तेही 'इमरोज'ने छापले. त्यात फरीद मिर्झा होते. रझाकारांच्या वर्तनाला विटून त्यांनी निझामाची सरकारी नोकरी सोडली होती. निवेदनानंतर थोड्याच दिवसांत, रात्री कचेरीतून घरी परतत असताना शोएबुल्लाह खान यांच्यावर हल्ला झाला. त्यांचे हात तोडण्यात आले. त्यात ते ऐन तारुण्यात मरण पावले. शायर मख्दूम मोहिउद्दीन हेही निझामशाहीविरुद्ध उभे राहिलेले नाव.

दुसऱ्या बाजूलाही असे लोक होते. सुंदरलाल अहवालात एक नोंद आहे, ती आम्ही शक्य तिथे मुलांना सांगतो. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांचे रक्षण केले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले. एका मागावर, एका सुतावर जगणाऱ्या माणसांनी एकमेकांना ओळखले. शेजाऱ्याला कोठीत, गोठ्यात, ज्वारीच्या कणगीआड लपवल्याच्या आठवणी मराठवाड्यातल्या अनेक घरांत आहेत. त्या शेजाऱ्यांची नावे आपल्या मुलांच्या तोंडी असायला हवीत.

आपला दीन या बाबतीत काय सांगतो, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. सूरह निसाची १३५ वी आयत आपल्याला इन्साफावर ठाम राहायला सांगते, मग साक्ष स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध किंवा नातलगांविरुद्ध द्यावी लागली तरी. सूरह माइदाची आठवी आयत बजावते की एखाद्या समूहाच्या वैरापोटी अन्याय करू नका. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपला भाऊ जालीम असला तरी त्याची मदत करायला सांगितले, तेव्हा लोकांना आश्चर्य वाटले. जालिमाची मदत कशी करायची? त्याचा हात धरून त्याला जुलमापासून रोखायचे, हीच त्याची मदत, असा खुलासा आपांनी केला. या कसोटीवर १९४८ मध्ये कौमचा खरा खैरख्वाह कोण होता? टाळ्या घेणारे सदर, की हात धरू पाहणारे ते संपादक?

आजचा बाजार

हे सगळे जुने झाले म्हणून सोडून देता येत नाही, कारण निवडणुका आल्या की ते नव्याने बाहेर काढले जाते. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक आठवा. 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा उत्तर प्रदेशातून येऊन आपल्या चौकातल्या फलकांवर चढली. 'व्होट जिहाद' हा शब्द प्रचारात फिरला. उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी महाराष्ट्रातल्या सभेत थेट रझाकारांचा विषय काढला. काँग्रेस अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांचे बीदर जिल्ह्यातले वारवट्टी गाव १९४८ मध्ये रझाकारांनी जाळले, त्यात त्यांची आई आणि बहीण गेली, तरी ते बोलत नाहीत, असा त्यांचा रोख होता. त्यावर खर्गे यांचे पुत्र आणि कर्नाटकातले मंत्री प्रियांक खर्गे यांनी उत्तर दिले. हे कृत्य रझाकारांचे होते, संपूर्ण मुस्लिम समाजाचे नव्हे, असा त्याचा आशय होता. ज्या घराने आगीत आपली माणसे गमावली, त्या घराने व्यक्ती आणि समाज यांत फरक केला. ज्यांचे काही जळाले नव्हते, त्यांना तो फरक नकोसा होता.

पण एवढे म्हणून थांबलो तर आम्हीही अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. भडक बोलणारा आपला माणूस आपल्यालाही आवडतो. शेरोशायरी करून समोरच्याला ललकारणारा वक्ता गावात आला की मैदान भरते, दुसऱ्या दिवशी त्याची चित्रफीत घराघरांत फिरते. पण त्याने आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी, नळाच्या पाण्यासाठी काय केले, हा सवाल कुणी करत नाही. सभा संपवून तो रात्रीच्या गाडीने निघून जातो. त्याच्या बोलण्याने बिघडलेल्या वातावरणात दुसऱ्या दिवशी भाजीचा गाडा लावायचा असतो तो आपल्याच माणसाला.

सामान्य मतदार मात्र पुढाऱ्यांना वाटतो तितका भोळा नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला नांदेडच्या मतदारांनी एकाच दिवशी दोन मते दिली. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. त्याच लोकसभा क्षेत्रातल्या विधानसभेच्या सहाही जागा महायुतीकडे गेल्या. कुणी काहीही अर्थ लावो, एवढे नक्की की हजारो माणसांनी दोन यंत्रांवर दोन वेगळे विचार केले. माणसे गठ्ठ्याने विचार करत नाहीत. त्यांना गठ्ठ्यात बांधण्याची घाई नेत्यांना असते.

घरी काय सांगायचे

मग त्या मधल्या सुटीतल्या प्रश्नाला उत्तर काय? आम्ही मुलांना असे सांगतो : रझाकार मुस्लिम होते, पण सगळे मुस्लिम रझाकार नव्हते. त्यांनी जुलूम केला, तो चूक होता. नंतर निरपराध मुस्लिमांवर जुलूम झाला, तोही चूकच होता. पहिल्याने दुसरा धुऊन निघत नाही आणि दुसऱ्याने पहिला झाकला जात नाही. दोन्ही वेळी काही माणसे जुलमाच्या आड उभी राहिली, तू त्यांचा वारस हो.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. निझामाच्या राज्यात सामान्य मुस्लिम कष्टकऱ्यालाही मत नव्हते. १९५२ च्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला ते मिळाले. आपल्या दाद्या-नान्या बुरखा सावरत पहिल्यांदा मतदान केंद्रावर गेल्या, त्या याच बदलामुळे. म्हणून १७ सप्टेंबरचे झेंडावंदन हा दुसऱ्या कुणाचा कार्यक्रम नाही. त्या दिवशी मुलाला सुटी समजून झोपू देऊ नका. इस्त्रीचा गणवेश घालून पाठवा. भाषण स्पर्धेत नाव द्यायला सांगा आणि विषय म्हणून शोएबुल्लाह खान सुचवा. आमचा अनुभव आहे की वर्गातल्या सगळ्याच मुलांना ही गोष्ट नवी असते आणि ती कान देऊन ऐकतात.

१९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले आपले बुजुर्ग आज ऐंशी कधीच ओलांडून गेले आहेत. त्यांच्या आठवणी कुठल्या पुस्तकात नाहीत. येत्या एखाद्या जुम्माच्या दुपारी, जेवण झाल्यावर, नातवाला वही-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसवा. कुणी घर जाळले हे विचारू द्या, आणि कुणी दार उघडून आत घेतले हेही विचारू द्या. ते दार उघडणाऱ्याचे घर अजून त्याच गल्लीत असेल, तर यंदाच्या ईदचा शिरखुर्मा तिथे त्या मुलाच्याच हातून पोहोचवा.