वहीतील अनुभव ते शोधनिबंध : व्यवसायी वैद्यांसाठी लेखनमार्ग

आपल्या सभा-संमेलनांत भोजनोत्तर गप्पांतून जे ऐकावयास मिळते, ते व्यासपीठावरील भाषणांतून क्वचितच मिळते. एखादे ज्येष्ठ वैद्य तमकश्वासाच्या रुग्णात वापरलेला क्रम सांगतात, दुसरे एखादे विचर्चिकेतील लेपाचा अनुभव सांगतात. ऐकणारे माना डोलावतात आणि मंडळी पांगते. पुढे ते वैद्य निवर्ततात, दवाखाना बंद होतो, रुग्णांच्या वह्या रद्दीत जातात. तीस-चाळीस वर्षांचे चिकित्साज्ञान अशा रीतीने एका पिढीत लुप्त होते. आम्ही वरसे व रोहा परिसरात व्यवसाय करतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांचे त्वग्विकार आणि श्वास, भातलावणीनंतरचे संधिशूल व कटिशूल, पावसाळ्यातील अग्निमांद्य व ज्वर असे येथील व्याधींचे स्वरूप आहे. या भूभागाचे देश-काल-सात्म्य जाणणाऱ्या वैद्याने ते लिहिले नाही, तर पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयातील संशोधक ते लिहू शकणार नाही.

‘ग्रामीण वैद्याचा लेख कोण छापणार?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सेवा बजावलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे रात्रंदिवस जवळ बसून टिपली. त्या निरीक्षणांवरील त्यांचे लेखन १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले आणि प्राझोसिनच्या उपयोगाविषयीचे १९८६ साली त्याच नियतकालिकात आले. पुढे २०११ साली महाड येथील ७० रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केला. ते आधुनिक वैद्यकाचे चिकित्सक असले, तरी त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, मोठे अनुदान नव्हते. नेमका प्रश्न, सलग नोंदी आणि चिकाटी होती. या तिन्ही गोष्टी आपल्यालाही अप्राप्य नाहीत.

लेखनापूर्वीची सिद्धता

शोधनिबंध लिहावयास बसल्यावर सुरू होत नाही, तो रुग्णपत्रकापासून सुरू होतो. प्रथम भेटीचा दिनांक, वय, व्यवसाय, प्रकृती, दोष-दूष्य विचार, अग्नी, कोष्ठ, पूर्वीची चिकित्सा, चालू असलेली आधुनिक औषधे, योजलेला कल्प, मात्रा, अनुपान, काल आणि पथ्य यांची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. स्मरणावर विसंबून सहा महिन्यांनी लिहिलेल्या नोंदीस परीक्षक प्रमाण मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

लक्षणांचे मापन ही दुसरी बाब. ‘रुग्णास बरे वाटले’ हे वाक्य शोधनिबंधात निरुपयोगी ठरते. संधिशूलात रुग्णाने शून्य ते दहा या मापात वेदना किती सांगितली, किती पावले चालता आले, सकाळचा स्तंभ किती मिनिटे टिकला हे लिहावे. त्वग्विकारात एकाच अंतरावरून व एकाच प्रकाशात घेतलेली, दिनांक असलेली छायाचित्रे असावीत.

तिसरी बाब संमतीची. एका रुग्णाचा वृत्तांत असला तरी त्याची लेखी संमती आवश्यक आहे. नाव, गाव व चेहरा यांवरून ओळख पटणार नाही अशी काळजी घ्यावी. चिकित्सेची पूर्वनियोजित तुलना करावयाची असल्यास नैतिकता समितीची अनुमती आणि ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये नोंदणी करावी लागते. २००७ साली सुरू झालेल्या या नोंदवहीत १ एप्रिल २०१८ पासून केवळ पहिला रुग्ण घेण्यापूर्वीचीच नोंदणी स्वीकारली जाते. म्हणून अभ्यास आटोपल्यावर नोंदणीचा विचार करणे व्यर्थ होय. जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या समितीशी आरंभीच संपर्क साधावा.

लेखाचा प्रकार व रचना

व्यवसायी वैद्याने प्रथम रुग्णवृत्तांतापासून आरंभ करावा. त्यासाठी २०१३ साली प्रसिद्ध झालेली ‘केअर’ ही मार्गदर्शक सूची सर्वत्र मान्य आहे. त्यातील मुद्दे समोर ठेवून लिहिल्यास काही सुटत नाही. समान निदानाचे दहा-बारा रुग्ण सलग नोंदलेले असतील तर रुग्णमाला लिहावी. येथे ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बरे झालेले तेवढे निवडून घेणे म्हणजे वाचकाची फसवणूक होय.

लेखाचे अंग ठरलेले आहे : शीर्षक, सारांश, प्रस्तावना, साधने व पद्धती, निरीक्षणे, चर्चा आणि निष्कर्ष. सारांश सर्वांत शेवटी लिहावा, कारण बहुसंख्य वाचक तेवढाच वाचतात. प्रस्तावनेत संहितांतील वचनांची लांबलचक माळ ओवण्याचा मोह टाळावा. प्रश्न कोणता, त्याविषयी आजवर काय ज्ञात आहे आणि उणीव कोठे आहे, एवढे पुरे. निदान आयुर्वेदीय परिभाषेत द्यावे आणि सोबत आधुनिक निदानही द्यावे. २०१७ साली कार्यान्वित झालेल्या ‘नमस्ते’ पोर्टलवरील परिभाषा त्यासाठी उपयोगी पडते. संप्राप्तीचा विचार चर्चेत मांडावा, निरीक्षणांत मिसळू नये. काय दिसले आणि त्याचा अर्थ आम्ही काय लावतो, या दोहोंत भिंत असलीच पाहिजे.

निरीक्षणांत प्रतिकूल तेही लिहावे. भगंदरातील क्षारसूत्राचा अभ्यास याचे उत्तम उदाहरण आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत सुमारे पाचशे रुग्णांवर क्षारसूत्र व शस्त्रकर्म यांची तुलना करून १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात व्रणरोपणास क्षारसूत्राने अधिक काळ लागतो, सुमारे आठ आठवडे विरुद्ध चार, हे स्पष्ट लिहिले आहे. आणि वर्षभरातील पुनरुद्भव क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रकर्मात ११ टक्के, हेही लिहिले आहे. पहिले वाक्य लपवले असते तर दुसऱ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

द्रव्याचे वर्णन : औषधनिर्मात्यांसाठी विशेष

परत येणाऱ्या आयुर्वेदीय लेखांत द्रव्यवर्णनाचा अभाव हा एक प्रमुख दोष आढळतो. ‘रास्ना वापरली’ एवढ्याने बोध होत नाही. काही प्रांतांत प्लुचिया लॅन्सिओलाटा, तर काही प्रांतांत अल्पिनिया गलंगा रास्ना म्हणून विकली जाते. शंखपुष्पीची स्थिती याहून निराळी नाही. म्हणून वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेले अंग, संकलनाचे स्थळ व ऋतू, ओळख कोणी व कशी पटवली, कल्पाचा ग्रंथाधार, निर्मिती क्रमांक आणि मात्रा यांचा उल्लेख हवाच. वनौषधींच्या तौलनिक अभ्यासांसाठी २००६ साली ‘कॉन्सॉर्ट’ सूचीस जी पुरवणी जोडली गेली, तिचा भर नेमका यावरच आहे.

यात काय पणास लागते हे गुडूचीच्या उदाहरणाने कळेल. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शरदिनी डहाणूकर व सहकाऱ्यांनी अवरोधजन्य कामलेच्या ३० रुग्णांवर गुडूचीचा अभ्यास करून तो १९९३ साली प्रसिद्ध केला. मात्रा, गट आणि शस्त्रकर्मोत्तर परिणाम त्यात मोजून दिलेले असल्याने आजही तो संदर्भ म्हणून घेतला जातो. पुढे २०२१ साली, महासाथीच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे घेतले जात असता, मुंबईतीलच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकृतीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे निश्चित केलेले नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप रास्त होता. परंतु त्यानंतर देशातील अनेक केंद्रांतील रुग्णांचे वृत्तांत २०२२ साली आले, आणि केवळ आक्षेप घेऊन भागणार नाही हे स्पष्ट झाले. हजारो वैद्य गुडूची नित्य वापरतात. मात्र कोणती वनस्पती, किती मात्रा, किती दिवस, यकृताच्या तपासण्या काय होत्या, हे सांगणाऱ्या नोंदी आपल्यापैकी किती जणांजवळ आहेत? उत्तर देण्याची वेळ येते तेव्हा मत उपयोगी पडत नाही, नोंद पडते.

म्हणून औषधनिर्मात्या बंधूंना विनंती आहे की, प्रत्येक निर्मिती क्रमांकाचा नमुना जतन करावा, कच्च्या मालाची ओळख व शुद्धता यांचे प्रमाणपत्र ठेवावे आणि वैद्याने मागितल्यास ते विनासंकोच द्यावे. रसौषधी असल्यास जड धातूंची तपासणी जोडावी. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० कल्पांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा मल्ल आढळल्याचा लेख २००४ साली आला, तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक परीक्षक विचारतो. निर्मात्याने औषध विनामूल्य दिले असेल अथवा खर्च सोसला असेल, तर तसे लेखात नमूद करणे बंधनकारक आहे.

नियतकालिकाची निवड

लेख चांगला असूनही चुकीच्या जागी गेला तर वाया जातो. सर्पगंधेवरील गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांचे लेखन १९३१ साली भारतीय नियतकालिकात आले होते. परंतु मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले.

आज आयुर्वेदासाठी जामनगरहून निघणारे ‘आयु’ आणि २०१० साली सुरू झालेले ‘जर्नल ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’ ही सुपरिचित नियतकालिके आहेत. पाठवण्यापूर्वी त्यांचे अलीकडील दोन-तीन अंक अवश्य वाचावेत. ‘आठ दिवसांत छापून देतो, शुल्क पाठवा’ असे निमंत्रण आल्यास सावध व्हावे. केवळ आय. एस. एस. एन. क्रमांक असणे ही गुणवत्तेची खूण नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ सूची (नाव सारखे असले तरी वर सांगितलेल्या रुग्णवृत्तांताच्या सूचीशी तिचा संबंध नाही) २०२५ मध्ये बंद झाली असल्याने, नियतकालिक पबमेड अथवा मुक्त नियतकालिकांच्या ‘डी. ओ. ए. जे.’ निर्देशिकेत आहे काय, संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर तेथे आहेत काय आणि शुल्क आधीच जाहीर केले आहे काय, हे आपणच पाहिले पाहिजे.

पाठवणे आणि परीक्षकांशी संवाद

लेखकांच्या सूचनांप्रमाणे शब्दसंख्या, तक्ते व संदर्भपद्धती जुळवावी. सोबत संपादकास छोटे पत्र जोडावे : लेखात नवे काय आहे आणि तो अन्यत्र पाठवलेला नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी लेख पाठवणे निषिद्ध आहे. ज्याने अभ्यासात व लेखनात प्रत्यक्ष भाग घेतला, अंतिम मसुदा मान्य केला आणि जबाबदारी स्वीकारली, तोच लेखक. आदरापोटी गुरुजनांचे अथवा उपकारापोटी निर्मात्याचे नाव घालू नये. त्यांचे स्थान ऋणनिर्देशात आहे. दुसऱ्याची वाक्ये उचलणे संगणकावर तत्काळ उघड होते. भाषांतरासाठी वा लेखनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असल्यास तेही सांगावे लागते, आणि त्याने सुचवलेला प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथातून पडताळावा लागतो.

पहिल्या फेरीत लेख जसाच्या तसा स्वीकारला जाणे दुर्मीळ आहे. परीक्षकांचे आक्षेप आले की अनेक वैद्य रुष्ट होऊन लेख गुंडाळून ठेवतात. वस्तुतः चरकाचार्यांनी विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे जे माहात्म्य सांगितले, तिचेच हे लेखी रूप आहे. प्रत्येक आक्षेप क्रमाने उतरवून त्याखाली आपले उत्तर व केलेला बदल पृष्ठक्रमांकासह द्यावा. आक्षेप मान्य नसल्यास आधार देऊन नम्रपणे तसे लिहावे. यातून संधाय संभाषा घडते. रागाने लिहिलेल्या पत्रातून केवळ विगृह्य संभाषा. नकार आल्यास मिळालेल्या सूचनांनुसार लेख सुधारून दुसरीकडे पाठवावा.

आरंभ कोठून करावा

येत्या तिमाहीत प्रत्येक सदस्याने एकच व्याधी निवडावी आणि त्या व्याधीचा येणारा प्रत्येक रुग्ण, उपशय झालेला व न झालेला, एकाच नमुन्याच्या पत्रकावर नोंदवावा. तालुक्यातील चार-पाच वैद्यांनी समान पत्रक वापरल्यास वर्षभरात रुग्णमाला उभी राहते, जी एकट्यास दहा वर्षांत जमत नाही. औषधनिर्मात्यांनी त्यांना एकाच निर्मिती क्रमांकाचा कल्प पुरवावा. हे काम आवाक्यातील आहे. आवश्यकता आहे ती पहिले पत्रक आजच्या पहिल्या रुग्णासाठी भरण्याची.