पांढऱ्या पेशींतला धागा

सिकल सेल हा लाल पेशींचा आजार. पण त्याचं मूळ हातात घ्यायचं तर लाल पेशी कामाच्या नाहीत. माणसाच्या पक्व लाल पेशीत केंद्रक नसतं, म्हणजे डीएनएही नसतो. तो काढावा लागतो पांढऱ्या पेशींतून. गेल्या दीडशे वर्षांत ही कला कशी घडली ते पाहताना पालघरचे आदिवासी पाडे डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

सुरुवातही पांढऱ्या पेशींपासूनच झाली. १८६९ मध्ये ट्यूबिंगेनच्या किल्ल्यातल्या जुन्या मुदपाकखान्यात फ्रीडरिश मीशर जखमांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन त्यातल्या पांढऱ्या पेशी गोळा करत होता. डुकराच्या जठरातल्या पेप्सिनने त्याने प्रथिनं पचवली आणि उरलेल्या केंद्रकातल्या द्रव्याला ‘न्यूक्लीन’ म्हटलं. पुढे अनेक दशकं ते द्रव्य नेमकं काय करतं, हेच कुणाला उमगलं नाही.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकल सेलला ‘रेणूचा आजार’ म्हटलं. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळला. १९७८ मध्ये कान आणि डोझी यांनी डीएनएवरून त्याचं गर्भातलं निदान दाखवलं. १९८५ मध्ये डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआरचा पहिला शोधनिबंध आला, तोही सिकल सेलच्या निदानावर. आजच्या रेणवीय निदानाचा पाया या आजारावर घातला गेला. म्हणून त्या विद्येवर पहिला हक्क पाड्यांवरच्या माणसांचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

डीएनए काढण्याची त्या काळची रीत मात्र जिकिरीची होती. गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीतलं रक्त घ्यायचं, लाल पेशी फोडून धुऊन टाकायच्या, तळाशी उरलेल्या पांढऱ्या गोळ्यावर साबणासारखं द्रावण आणि प्रोटिनेज के घालून रात्रभर ठेवायचं. मग फिनॉल-क्लोरोफॉर्म. नळी फिरवली की थर वेगळे होतात. वरचा पाण्याचा थर अलगद उचलायचा, मधल्या पांढऱ्या सायीला धक्का न लावता, कारण तिथे प्रथिनं साचलेली असतात. उचललेल्या थरात थंडगार इथेनॉल ओतलं की डीएनएचे पांढरे धागे दिसू लागतात आणि काचेच्या कांडीवर गुंडाळता येतात. लाल पेशींतलं हीम मागे राहिलं तर पीसीआर अडतं, म्हणून धुलाईत कुचराई चालत नाही. १९८८ मध्ये मिठाने प्रथिनं खाली बसवण्याची सोपी पद्धत आली, १९९० मध्ये सिलिकाची. आता सिलिका-स्तंभाचे तयार संच तासाभरात काम उरकतात.

पालघरमध्ये डीएनए काढण्याची गरज कुठे पडते? वाहक, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक मिळालेला माणूस, धडधाकट असतो. बोईसरच्या एमआयडीसीत पाळ्या करतो आणि त्याला काही पत्ता नसतो. सोल्युबिलिटी चाचणीत द्रावण गढूळ झालं तरी तो वाहक की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. पण नुकतंच रक्त चढवलेल्या रुग्णात दात्याच्या लाल पेशी निकाल झाकतात, तेव्हा डीएनएच पाहावा लागतो. आणि दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची. तिथे गर्भाचा डीएनएच बोलतो.

डहाणूत आयसीएमआरशी जोडलेलं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, मुंबईत परळला राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झालं. एप्रिल २०१३ पासून डहाणूहून मुंबईला थेट लोकलही मिळते. तरी मोखाडा-जव्हारच्या बाईला परळ लांबच.

गर्भाच्या डीएनएसाठी वारेचा नमुना दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास घेतात. त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या नाहीत ना, हे पडताळावं लागतं, म्हणून तिचं रक्त सोबत हवं. नवऱ्याचंही हवं, आणि तो दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेला असतो. गरोदरपणाच्या नोंदणीच्या दिवशीच, किंवा लग्नानंतर लगेच, दोघांची तपासणी झाली तर हे आठवडे हातात राहतात.