कातळावरील परसात गोणीतले आले

कोकणात ज्यांची घरे जांभ्या कातळावर आहेत त्यांच्या परसात कुदळ वीतभरही आत जात नाही. अशा घरी आले बहुधा विकतच येते. वास्तविक खताच्या दोन-चार रिकाम्या गोण्यांत घरापुरते आले निघू शकते.

गोणी स्वच्छ धुवावी. कीटकनाशकाची मात्र कदापि घेऊ नये. तिचा काठ दुमडून उंची गुडघ्याइतकी ठेवावी, तळाला व बाजूंना बोटभर भोके पाडावीत आणि माती, कुजलेले शेणखत व रेती समभाग मिसळून ती भरावी. मेच्या अखेरीस 25 ते 30 ग्रॅम वजनाचे, दोन-तीन डोळ्यांचे निरोगी बेणे 5 सेंटीमीटर खोल लावावे. एका गोणीस तीन तुकडे पुरेत. कोंब वाढतील तसतसा काठ उलगडून मातीची भर द्यावी.

खरा धोका पाणी कमी पडण्याचा नसून तुंबण्याचा आहे. कातळावर टेकलेल्या गोणीची भोके बुजतात आणि कंदकूज लागून बेणेही हाती राहत नाही. म्हणून गोणी चिऱ्यांवर उचलून ठेवावी. पागोळीखाली तर मुळीच नको. एखादीत रोग दिसलाच तर तेवढी दूर न्यावी. वाफ्यात ही सोय नसते.

पाऊस सरल्यावर हीच गोणी झपाट्याने सुकते, तेव्हा पाण्याकडे रोज लक्ष हवे. आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळला की गोणी पालथी करावी. उन्हाने विरलेल्या गोणीचे धागे मातीतून वेचून टाकावेत. त्या मातीत पुढील वर्षी आले न लावता माठ किंवा मुळा घ्यावा.