जुना चांदीचा रुपया : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात चांदीचा एखादा जुना रुपया असतो. कुणी त्याला राणीछाप म्हणते, कुणी बंदा रुपया. घरात त्याच्याविषयी जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे ऐकीव असते आणि या ऐकीव गोष्टींमुळे दुहेरी नुकसान होते. साधे नाणे लाखाचे समजून माणसे फसतात, आणि खरोखर महत्त्वाचे नाणे मोडीत जाऊन वितळते. दोन्ही टाळण्यासाठी लागणारी माहिती मुळीच अवघड नाही. नाणेसंग्राहकांनी ती एकमेकांना नाणी दाखवत, विचारत, तपासतच जमवली आहे.

गैरसमज : नाणे जितके जुने, तितके मोलाचे.

वस्तुस्थिती : नाणी किती पाडली गेली, त्यांतली किती उरली, ती कोणत्या अवस्थेत आहेत आणि किती जणांना हवी आहेत, यावर किंमत ठरते. पश्चिमी क्षत्रपांचे चांदीचे छोटे द्रम्म दीड हजार वर्षांहून जुने आहेत. तरीही जमिनीतल्या हंड्यांतून ते एवढ्या संख्येने मिळाले आहेत, की त्यांतले बरेच साध्या संग्राहकालाही परवडतात. याउलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया अजून शंभरीलाही आलेला नाही, पण तो अत्यंत दुर्मिळ आहे आणि त्याला मोठी किंमत येते. म्हणूनच सालातला शेवटचा आकडा बदललेले बनावट १९३९ बाजारात फिरतात. असे नाणे समोर आले तर भिंगातून आधी साल पाहावे.

गैरसमज : नाण्यावर जे साल, त्याच साली ते पाडले.

वस्तुस्थिती : नेहमीच तसे नसते. व्हिक्टोरिया राणीचे १८६२ सालचे रुपये घरोघरी सापडतात, कारण तेच साल कायम ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीच्या रुपयांवर बारीक ठिपके आहेत. त्यांची जागा आणि संख्या पाहून अभ्यासक खरे वर्ष लावतात. त्यामुळे एकाच सालाचे दोन रुपये शेजारी ठेवून भिंगातून पाहणे हा या छंदातला मोठा आनंद आहे.

त्याआधीच्या सुरती रुपयाची गोष्ट अशीच आहे. दिल्लीचा बादशहा शाह आलम १८०६ साली वारला. तरी त्याच्या नावाचे आणि त्याच्या राज्यवर्ष ४६ चे रुपये ईस्ट इंडिया कंपनी मुंबईत पुढेही पाडत राहिली. सगळ्या मुलखासाठी राजाच्या मुखवट्याचा एकच रुपया आला तो १८३५ साली.

गैरसमज : फारसी अक्षरे आहेत, म्हणजे नाणे मुघलांचे.

वस्तुस्थिती : हा गैरसमज मराठी माणसाला सर्वांत महाग पडतो, कारण त्यापायी आपल्याच इतिहासाची नाणी ओळखू येत नाहीत. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई यांवर नागरी अक्षरे आहेत. मात्र पुढे पेशवाईत महाराष्ट्रात जे चांदीचे रुपये पाडले गेले, त्यांवर बहुधा मुघल बादशहाचेच नाव फारसीत असे. लोकांचा आणि सराफांचा विश्वास त्या ओळखीच्या छापावर बसलेला होता. व्यापार अडू नये म्हणून तो छाप तसाच ठेवला गेला आणि टांकसाळीची ओळख वेगळ्या खुणेने दिली गेली. पुण्याच्या अंकुशी रुपयावर हत्तीला आवरायचा अंकुश असतो. १८१८ नंतर कंपनीनेही काही वर्षे पुण्यात अंकुशी रुपया चालू ठेवला. चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी रुपयाही याच परंपरेतला आहे.

केवळ एका खुणेवरून निकाल देऊ नये. अक्षरांची मांडणी, इतर चिन्हे आणि वजन हे सगळे जुळले पाहिजे. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा ‘मराठा मिंट्स अँड कॉइनेज’ हा ग्रंथ या कामी मोठा आधार आहे. अशा रुपयांवर कधी कधी बारीक ठोके दिसतात. चांदी पारखताना सराफांनी उठवलेल्या त्या खुणा असतात. त्यांनी नाण्याचे देखणेपण थोडे उणावते, पण ते बाजारात फिरल्याचा तो पुरावाही आहे.

गैरसमज : इंग्रजांच्या काळातला रुपया म्हणजे शुद्ध चांदी.

वस्तुस्थिती : १८३५ पासूनचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे ९१.६७ टक्के, आणि बाकी मिश्रधातू. हा कस दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकला. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४५ पर्यंतचे रुपये ५० टक्क्यांचेच राहिले. १९४७ सालच्या वाघाच्या रुपयात तर चांदी नाहीच, तो निकेलचा आहे. मोड घालताना हे तीन टप्पे माहीत नसतील तर व्यवहारात फसगत होते. विकणाऱ्याची होते, तशी घेणाऱ्याचीही.

गैरसमज : चुंबकाला चिकटले नाही, म्हणजे खरी चांदी.

वस्तुस्थिती : तांबे, पितळ, शिसे आणि तांबे-निकेलचा मिश्रधातूही चुंबकाला चिकटत नाही. चुंबकाने लोखंडी नक्कल पकडता येते आणि १९४७ चा निकेलचा रुपया ओळखता येतो, त्यापलीकडे त्याचा भरवसा नाही. घरी करता येण्यासारखी याहून चांगली कसोटी पाण्याची आहे. त्यासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा लागतो.

आधी नाण्याचे कोरडे वजन घ्यावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल, पण पेल्याच्या तळाला वा कडेला टेकणार नाही, असे धरावे. आता काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागावे. ९१.६७ टक्के चांदीच्या रुपयाला उत्तर साधारण १०.३ येते, म्हणजे काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. तांबे-निकेलच्या नकलेला तोच आकडा १.३ च्या घरात जातो. नाणे मात्र नंतर लगेच मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडे करावे.

नक्कल चांदीचीच असेल तर ही कसोटी ती पकडू शकत नाही. तिथे कडेवरच्या रेघा, अक्षरांची धार आणि मुखवटा व साल यांचा मेळ पाहावा लागतो. एडवर्ड सातव्याचे रुपये १९०३ ते १९१० या काळातले आहेत. त्याच्या मुखवट्याच्या नाण्यावर याबाहेरचे साल दिसले, तर दुसरी परीक्षा घेण्याची गरजच नाही.

गैरसमज : नाणे घासून लख्ख केले की किंमत वाढते.

वस्तुस्थिती : घटते, आणि पुन्हा कधीच भरून येत नाही. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर चढणारा काळसर, निळसर, सोनेरी थर काळाने दिलेला असतो आणि जाणकार तो जपतात. चिंच, राख, टूथपेस्ट किंवा भांड्यांची पावडर लावून घासले, की बारीक ओरखडे उठतात आणि अक्षरांची धार बोथट होते. माळेत ओवण्यासाठी कडी लावलेल्या, नंतर ती काढून घासलेल्या रुपयाचेही असेच आहे. माती लागली असेल तर साध्या पाण्यात भिजवून ठेवावे आणि न चोळता टिपावे. नाणे नेहमी कडेने धरावे. साठवताना मऊ पीव्हीसीच्या पाकिटांपासून दूर राहावे, कारण काही काळाने त्यांतून हिरवट चिकटा सुटतो आणि चांदीला खातो.

गैरसमज : काही नाणी कोटींना जातात, आणि रिझर्व्ह बँक ती विकत घेते.

वस्तुस्थिती : एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल, असे ‘एक आण्याचे’ नाणे अनेकांना दाखवले जाते. कंपनीने असे नाणे कधीच काढले नाही. आण्याचे नाणेच मुळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. रामदरबाराचे नाणे तांदूळ ओढते वगैरे गोष्टी निव्वळ फसवणुकीच्या आहेत. १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया मात्र खरा आहे. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो असा बोभाटा झाला आणि पुढच्या वर्षी छाप सुधारला गेला. संग्राहक तो आवडीने घेतात, पण तो कोटींचा नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही आणि आपण त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही. ‘आधी कर भरा, मग रक्कम मिळेल’ असे कुणी म्हणाले, की बोलणे तिथेच थांबवावे.

गैरसमज : सापडलेले नाणे सापडणाऱ्याचे, आणि स्वतःचे नाणे कुठेही नेता येते.

वस्तुस्थिती : १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या वा आखातातल्या नातवंडांना आजोबांचा राणीछाप रुपया भेट द्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण तो इथल्याच घरी त्यांच्या नावाने जपावा आणि त्याची छायाचित्रे पाठवावीत.

गैरसमज : नवे नाणे मिळाले की कुणाला दाखवू नये.

वस्तुस्थिती : आपल्या घराचा पत्ता, संग्रहाची किंमत आणि नाणी ठेवण्याची जागा झाकून ठेवावी. नाणे मात्र दाखवावे. ते कसे दाखवावे हे १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी इथे सापडलेल्या ठेव्याने शिकवले आहे. क्षहरात राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी त्यात होती. त्यांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठवलेला होता. हा ठेवा अभ्यासकांपुढे एकत्र आला आणि त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. म्हणूनच नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात सांगितलेल्या क्षहरातांच्या पाडावाला धातूचा पुरावा मिळाला. हीच नाणी एकेक करून गुपचूप विकली गेली असती, तर सातवाहनांचा विजय इतक्या ठामपणे सांगता आला नसता.

आपल्या हाती एकच रुपया असला तरी रीत तीच. दोन्ही बाजूंची आणि कडेची स्वच्छ छायाचित्रे घ्यावीत. वजन, व्यास, कुठून आले आणि कधी घेतले, हे चिठ्ठीवर लिहून ती नाण्यासोबत ठेवावी. प्रदर्शनात किंवा संग्राहकांच्या बैठकीत ते जाणकाराला दाखवावे. नाशिकजवळच्या आंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था पाहून यावी. कुणी वेगळी टांकसाळ सुचवली किंवा नाणे खोटे असल्याचे सांगितले, तर वाईट न मानता तेही कारणासह त्याच चिठ्ठीवर लिहावे. आपल्यानंतर ते नाणे ज्याच्या हाती जाईल, त्याला अभ्यास पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार नाही.