परक्या देशातील रस्ता

वाशीमच्या बसस्थानकावरून रिसोडला किंवा मंगरूळपीरला जाणे आपणांस मुळीच अवघड वाटत नाही. पाटी वाचावी, एस.टी.त बसावे आणि वाहकाकडून तिकीट घ्यावे, की झाले! परंतु तोच मनुष्य परदेशी गेला, म्हणजे पायाखालचा रस्तासुद्धा त्याला अनोळखी होतो.

आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. इंग्लंड, जपान व ऑस्ट्रेलिया या देशांतही हाच नियम आहे. मात्र अमेरिका, फ्रान्स, जर्मनी इत्यादी बहुसंख्य देशांत वाहने उजव्या बाजूने धावतात. तेथे चालक मोटारीत डावीकडे बसतो आणि बसचे दार उजवीकडे असते. स्वीडन देशाने तर ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे साऱ्या देशाची वाहतूक एकाच वेळी डावीकडून उजवीकडे नेली.

काही वर्षांपूर्वी मी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. एके दिवशी रस्ता ओलांडताना सवयीप्रमाणे प्रथम उजवीकडे पाहिले. रस्ता मोकळा दिसला, म्हणून पाऊल पुढे टाकले. तोच नातवाने माझा सदरा धरून मला मागे ओढले. डावीकडून आलेली मोटार अगदी जवळून निघून गेली. "आजोबा, इथं आधी डावीकडे बघायचं!" तो म्हणाला. मी खजील झालो. 'आधी उजवीकडे पाहा' हा नियम मी शाळेत कितीतरी मुलांकडून पाठ करून घेतला होता. पण जवळच्या कडेने वाहन ज्या दिशेने येते, तिकडे प्रथम पाहावे, हे त्यामागील कारण मीच विसरलो होतो.

तेथील शहरांतील बसमध्ये बहुधा वाहक नसतो. पुढच्या दाराने चढून चालकाजवळच्या पेटीत नेमके भाडे टाकावे किंवा कार्ड लावावे. सुटे पैसे सहसा परत मिळत नाहीत. उतरण्याचे ठिकाण जवळ आले, की दोरी ओढून किंवा कळ दाबून सूचना द्यावी. न्यूयॉर्क शहरातील पिवळ्या टॅक्सीत मीटरप्रमाणे भाडे देऊन वर चालकाला बक्षिसी देण्याचा प्रघात आहे. आपल्या चालकास तेथे स्वतः मोटार चालवायची असेल, तर येथील परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. त्याची मुदत एक वर्षाची असते. सोबत मूळ परवानाही बाळगावा लागतो. तेथे शाळेची पिवळी बस थांबून तिचे तांबडे दिवे लुकलुकू लागले, की मागची वाहने तर थांबतातच. परंतु रस्त्यात दुभाजक नसेल, तर समोरून येणारी वाहनेही जागच्या जागी उभी राहतात.

मुलांनो, उद्या एखादा परदेशी पाहुणा आपल्या गावी आला, तर तोही सवयीने प्रथम डावीकडेच पाहील. अशा वेळी त्याला हसू नका. माझ्या नातवाप्रमाणे त्याला हात धरून थांबवा.