जुने दगड, जुनी वाळू आणि नवी मत्स्यपेटी

रंगीबेरंगी मासे आणि डुलणारी प्रवाळे असलेली खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी दिवाणखान्याची शोभा वाढवते. पण बदली, घराची दुरुस्ती किंवा वारंवार जाणारी वीज यांमुळे ती कधी ना कधी बंद पडते. काही महिन्यांनी उत्साह पुन्हा जागा होतो आणि प्रश्न पडतो, की जुन्या दगडांचे आणि वाळूचे करायचे काय?

दगड फेकण्याची घाई करू नका. हे सच्छिद्र दगड महाग असतात. शिवाय २००१ सालापासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने आपल्या समुद्रातले प्रवाळ-दगड आणणे किंवा विकत घेणे गुन्हा ठरतो. तेव्हा जवळ आहेत तेच स्वच्छ करून वापरणे उत्तम.

दगड जिवंत की मृत?

दगड खाऱ्या पाण्यात, पंप चालू ठेवून सांभाळला असेल, तर त्याच्या छिद्रांत उपयुक्त जिवाणू असतात. माशांच्या उत्सर्गातला विषारी अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. असा दगड नळाखाली धरू नका. गोड्या पाण्याने जिवाणू मरतात. मत्स्यपेटीच्या समुद्री मिठाचे पाणी बादलीत घेऊन त्यात दगड बुडवा आणि ब्रशने शेवाळ व गाळ काढा.

वाळलेला दगड आधी भिजवून मगच घासा. त्यानंतर एक भाग साधे, बिनवासाचे ब्लीच आणि दहा भाग पाणी या मिश्रणात दिवसभर ठेवा. पुढे अनेकदा धुऊन, क्लोरिन काढणारे औषध घातलेल्या पाण्यात बुडवा आणि उन्हात आठवडाभर वाळवा. ब्लीचचा वास पूर्ण गेला पाहिजे. साबण मुळीच वापरू नका. ब्लीचमध्ये आम्ल किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका; त्यातून विषारी वायू निघतो.

उकळणे जिवावर बेतेल

‘उकळले की जंतू मरतात’ हा स्वयंपाकघरातला नियम इथे लावू नका. दगडावरच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. ते उष्णतेने नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर श्वासात जाते. मार्च २०१८मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यात एका घरी मत्स्यपेटी साफ करताना हे विष पसरले. घरातले सहा जण आणि मदतीला धावलेले चार अग्निशामक जवान रुग्णालयात दाखल झाले.

म्हणून हातमोजे आणि चष्मा घाला, काम गॅलरीत करा, मुलांना व पाळीव प्राण्यांना दूर ठेवा. धाप, ताप किंवा डोळ्यांची जळजळ जाणवली तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि प्रवाळ हाताळल्याचे त्यांना आवर्जून सांगा.

वाळूचे काय?

जुन्या वाळूच्या तळाशी सडका गाळ साचतो. काळा थर आणि कुजक्या अंड्यासारखा वास ही हायड्रोजन सल्फाइडची खूण. मासे पेटीत असताना ती ढवळू नका. वाळू थोडी थोडी बादलीत घेऊन पाणी नितळ होईपर्यंत धुवा. वास जात नसेल तर सरळ नवी आणा. चौपाटीवरची वाळू मात्र नको. तिच्यात घाण आणि तेलाचा अंश असू शकतो.

मासे सर्वांत शेवटी

पेटीत शुद्ध केलेले पाणी घ्या. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ लागते. तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस ठेवा. जुन्या दगडात मुरलेले फॉस्फेट हळूहळू पाण्यात उतरते आणि शेवाळ माजवते, म्हणून त्याचीही चाचणी करा. वाळलेल्या दगडावर जिवाणू नव्याने वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की एखाद-दुसरा मासा सोडा. मुले रोज ‘मासे कधी?’ विचारतील; त्यांनाच चाचणीचे आकडे वहीत लिहायला सांगा. वाट पाहणेही मग मजेचे होईल.